‘ध’ असो वा ‘मा’

‘ध’चा ‘मा’ कोणी केला, हे कोडे शेलूबाजारच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. माझा प्रश्न गारद्यांविषयी आहे.

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात सुमेरसिंग गारदी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांवर चालून गेला. मूळ आज्ञा ‘धरावे’ होती, आनंदीबाईंनी ती ‘मारावे’ केली, अशी आख्यायिका. (पुराव्याहून लोकप्रियताच अधिक.) पण ‘धरावे’ तरी वैध कसे? आज्ञा देणारे रघुनाथराव स्वतःच नजरकैदेत, आणि धरायचे ते प्रत्यक्ष पेशव्यांना! थकलेल्या पगाराची गारद्यांची तक्रार खरी असेलही. तरी ते पेशव्यांचेच चाकर होते. अक्षराने गुन्हा वाढला, सुरू तो ‘ध’पासूनच झाला.

चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि मारला गेला. त्याला कोणी आज्ञा दिली नव्हती.

रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. गारद्यांचा म्होरक्या महंमद इसफ यालाही पुढे देहान्त शासन झाले.

१९५०च्या सेना अधिनियमाचे कलम ४१ वरिष्ठांची ‘कायदेशीर’ आज्ञा मोडणाऱ्यालाच शिक्षा सांगते. ती कायदेशीर आहे की नाही, हे शिपायाने क्षणात ओळखावे ही अपेक्षा कठोर खरी. शनिवारवाड्यात मात्र संशयाला जागाच नव्हती.