रांगडा टायर की शहाणा टायर?



आरोग्य आणि अर्थकारणाच्या या पानावर रक्तदाब, मधुमेह, आयुर्विमा हे विषय शोभतात, मग टायर कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण विचार करा. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत आपण मुलाबाळांसह बसतो, तेव्हा त्या गाडीचा आणि रस्त्याचा संबंध फक्त चार ठिकाणी असतो, आणि ती प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. आपल्या कुटुंबाचे आरोग्य आणि बँकेतली शिल्लक या चार तळहातांवर अवलंबून असते. तेव्हा हा विषय याच पानाचा आहे.

हल्ली आपल्या मराठी कुटुंबांतही पिक-अप गाडीची हौस दिसू लागली आहे. ब्राउनश्वाइगसारख्या गावात हे नवल नाही. इथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात १९३८ पासून गाड्यांचे भाग बनतात, शेजारी वोल्फ्सबुर्ग आणि साल्झगिटर, त्यामुळे घरोघरी मोटारीच्या गप्पा. 'अमारोक' ही पिक-अप तर २०१२ ते २०२० या काळात जवळच्या हॅनोव्हरलाही बनत असे. बागेसाठी माती आणायची, मुलांच्या सायकली न्यायच्या, सुट्टीत दूरवर भटकायचे, यासाठी वापरलेली पिक-अप घेणे चुकीचे नाही. प्रश्न पुढे येतो. गाडी घेतली की लगेच तिला मोठ्या गाठीगाठींच्या नक्षीचे 'ऑल-टेरेन' टायर बसवावेसे वाटतात. गाडी कशी रांगडी दिसते! आणि नावच 'सर्व प्रकारच्या जमिनीसाठी', म्हणजे हिवाळ्याचीही चिंता मिटली, असा समज होतो. हा समज महागात पडू शकतो, म्हणून हा लेखप्रपंच.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ब्राउनश्वाइगला राहून नोकरीधंदा करणाऱ्या दहांपैकी नऊ कुटुंबांना ऑल-टेरेन टायरची गरज नाही. ज्या दहाव्याला ती आहे, त्याने आल्पाइन चिन्ह पाहिल्याशिवाय तो टायर घेऊ नये.

आपली गाडी नेमकी कुठे चालते?

आपण वाढलो त्या मुलखात खडबडीत रस्ता ही रोजची गोष्ट होती. कोकणातला पावसाळ्यातला लाल चिखल, घाटातली दरड, गावाकडची खडीची वाट, हे सारे मनात असते आणि जाडजूड टायर पाहिला की बरे वाटते. पण इथे तशी जमीन आहे कुठे? हार्त्सच्या डोंगरात, म्हणाल. बाड हार्त्सबुर्गवरून टोर्फहाउसला जाणारा बी-४ हा महामार्ग उत्तम डांबरी आहे, आणि बर्फ पडला की त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरतात. राष्ट्रीय उद्यानातल्या जंगलवाटा खाजगी मोटारींना बंद आहेत. तिथे पायी जायचे असते, पिक-अपने नव्हे. म्हणजे ज्या 'टेरेन'साठी टायर घ्यायचा, तिथे जायला परवानगीच नाही!

आपली गाडी खरी चालते ती ए-३९ वरून वोल्फ्सबुर्गला किंवा ए-२ वरून हॅनोव्हरला, नोव्हेंबरच्या सकाळी सात वाजता, तीन अंश तापमानात, ओल्या डांबरावर, दोन्ही बाजूंना मालट्रकांची रांग असताना. टायर निवडायचा तो या सकाळसाठी.

रबर आणि नक्षी

टायरचे रबर थंडीत कडक होते. उन्हाळी टायरचे मिश्रण उन्हात टिकावे असे बनवलेले असते, म्हणून तापमान सातएक अंशांच्या खाली गेले की त्याची पकड कमी होऊ लागते, असा ढोबळ हिशेब इथे सांगतात. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात.

ऑल-टेरेनची रचना वेगळ्या कामासाठी असते. मोठे ठोकळे, त्यांच्यामध्ये रुंद खाचा, दणकट बाजू. चिखल आणि खडी खाचांतून बाहेर फेकली जाते, दगडाने टायर फाटत नाही. हे गुण खरेच आहेत. पण रुंद खाचा म्हणजे डांबराला टेकणारे रबर कमी. त्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर अशी गाडी बहुधा जास्त अंतर घेते, आवाज जास्त करते आणि इंधनही जास्त पिते.

पिक-अपची आणखी एक खोड आहे. मागचा हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजन फारच कमी असते, आणि ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग सरकू शकतो. 'आपल्याकडे फोर-व्हील ड्राइव्ह आहे' असे सांगून काही जण निश्चिंत असतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी निघायला आणि चढायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीचे चारही चाकांना असतात. थांबवतो तो टायर.

कायदा काय म्हणतो?

जर्मनीत ठरावीक तारखेपासून हिवाळी टायर लावा असा नियम नाही. ४ डिसेंबर २०१० पासूनचा स्पष्ट नियम असा आहे की रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, दवाचे बर्फ किंवा निसरडा थर असेल, तर हिवाळ्याला योग्य टायर असल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. योग्य कोणता, हे २०१७ सालच्या दुरुस्तीने ठरवले. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी, असे 'आल्पाइन' चिन्ह टायरच्या बाजूवर हवे.

ऑल-टेरेन घेणारे नेमके इथेच फसतात. अशा बऱ्याच टायरांवर 'एम+एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, ही अक्षरे ठळक छापलेली असतात. पण ती अक्षरे छापण्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही, आल्पाइन चिन्हासाठी द्यावी लागते. २०१७ अखेरपर्यंत बनलेले नुसते एम+एस टायर ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालत होते. ती मुदत संपली. आता नुसते एम+एस असलेला टायर, कितीही नवा आणि कितीही रांगडा असो, बर्फाळ रस्त्यावर कायद्याच्या दृष्टीने उन्हाळीच!

असे टायर लावून बर्फात सापडलात तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत एक गुण. वाहतुकीला अडथळा झाला तर ८०, कुणाला धोका झाला तर १००, अपघात झाला तर १२० युरो. गाडी आपल्या नावावर असून दुसऱ्याला चालवू दिली, तर मालकालाही ७५ युरो आणि एक गुण. तेव्हा 'माझी गाडी ने रे' असे भाच्याला सांगण्यापूर्वी टायर पाहा. तो गुण अडीच वर्षे राहतो, आणि आठ गुण झाले की परवाना जातो. भारतातला परवाना असूनही इथे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा पुन्हा देऊन आपण तो मिळवलेला असतो. त्यासाठी किती पैसे आणि किती शनिवार गेले, हे प्रत्येकाला आठवत असेल.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. समोरच्याचे नुकसान आपला हाफ्टफ्लिष्ट विमा भरून देतो. पण बर्फात अयोग्य टायर लावणे हा घोर निष्काळजीपणा ठरला, तर आपल्या स्वतःच्या गाडीसाठीच्या फोलकास्को विम्याची रक्कम कापली जाऊ शकते. काही करारांत कंपनी हा आक्षेप घेणार नाही असे कलम असते. आपल्या करारात ते आहे का, हे एकदा शब्दकोश घेऊन बसून वाचावे.

पैशाचा हिशेब

'दोन-दोन संच टायर कोण घेणार?' हा आपला नेहमीचा प्रश्न. हिशेब मांडून पाहू. समजा, कुणी रोज वोल्फ्सबुर्गला जाऊन-येऊन ७० किलोमीटर जातो आणि वर्षाला २२० दिवस कामावर जातो. म्हणजे १५,४०० किलोमीटर झाले. ऑल-टेरेनमुळे दर शंभर किलोमीटरला अर्धा लिटर इंधन जास्त लागते असे धरले, तर वर्षाला सुमारे ७७ लिटर. लिटरला १.६० युरो धरला तर जवळजवळ १२३ युरो केवळ दिसण्यापायी गेले. वर्षातून दोनदा टायर बदलून घ्यायला प्रत्येकी ५० युरो लागतील असे धरले, तरी १०० युरोच होतात. शिवाय दोन संच असले की प्रत्येक संच निम्मेच झिजतो. खरा जादा खर्च एकदाच, तो रिमच्या दुसऱ्या संचाचा.

ज्यांची गाडी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच चालते, तीही गावातल्या गावात, त्यांनी दोन संच घेण्याचा अट्टहास करू नये. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, आणि अशा घरी दोन्ही संच झिजण्याआधी वयाने बाद होतील. त्यांच्यासाठी आल्पाइन चिन्ह असलेला साधा बारमाही टायर योग्य. मात्र दर हिवाळ्यात स्कीइंगसाठी आल्प्समध्ये जाणाऱ्यांनी खरा हिवाळी संचच घ्यावा. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि चार मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरलेला टायर तिथे हिवाळी मानतच नाहीत.

मग ऑल-टेरेन कुणासाठी? ज्यांचे घोड्यांच्या तबेल्यावर किंवा शेतावर रोजचे काम आहे, ज्यांना बांधकामाच्या जागी चिखलातून जावे लागते, त्यांच्यासाठी. त्यांनी खुशाल घ्यावा. आल्पाइन चिन्ह असलेले ऑल-टेरेन टायरही मिळतात.

दुकानात जाण्यापूर्वी

१. आल्पाइन चिन्ह स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जाहिरातीतल्या 'विंटर' शब्दावर जाऊ नका.

२. टायरवरचे आकडे गाडीच्या कागदांशी जुळवा. २५५/६० आर १८ ११२ एच यात ११२ हा भाराचा अंक, म्हणजे एका टायरला ११२० किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. भाराचा अंक कागदांतल्यापेक्षा कमी चालत नाही, आणि पिक-अपमध्ये माल भरला की त्याचे महत्त्व कळते. 'थोडा मोठा साइझ बसतो' असे कुणी म्हणाले, तर तपासणी आणि कागदोपत्री नोंद लागेल का, हे आधी ट्यूफ किंवा डेक्राकडे विचारा.

३. युरोपीय लेबल वाचा. मे २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर इंधन आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई असे वर्ग आहेत. नक्षीपेक्षा ओल्या पकडीचे अक्षर आधी पाहा.

४. टायरचे वय पाहा. 'डॉट' नंतरच्या शेवटच्या चार अंकांत ३५२३ असेल तर तो २०२३ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. वापरलेल्या पिक-अपबरोबर 'चार टायर फुकट' मिळत असतील तेव्हा हे अंक जरूर वाचा, आणि स्टेपनीचेही.

५. नक्षीची खोली मोजा. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, पण हिवाळ्यासाठी चार मिलिमीटर उरली की नवा टायर घेण्याचा विचार करावा. गुळगुळीत होईपर्यंत टायर वापरायची आपली जुनी सवय इथे चालणार नाही.

जर्मन लोक टायर बदलण्यासाठी 'ओ ते ओ' हे सूत्र लक्षात ठेवतात: ओक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर. आपल्यासाठी हे आणखी सोपे आहे. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, झेंडूचा हार घालतो. इथे झेंडू मिळो न मिळो, त्याच दिवशी गॅरेजची वेळ ठरवून टाका, कारण पहिला बर्फ पडल्यावर आठवडा आठवडा थांबावे लागते. काढताना मात्र पाडव्याची घाई नको. हार्त्समध्ये पाडव्यानंतरही बर्फ पडू शकतो, ईस्टरपर्यंत धीर धरा.

दिवाळीच्या फराळाला आपण सारे जमतो, तेव्हा वाहनतळावर पाच मिनिटे काढून एकमेकांच्या गाडीचे टायर पाहावेत, अशी सूचना करतो. नव्याने आलेल्या कुटुंबांना हे चिन्ह कुणी दाखवलेलेच नसते. ते दाखवायला दहा सेकंद लागतात, आणि चकली खाता खाताही दाखवता येते.