विमानाचा तास आणि बोदवडचा दिवस

जळगाव-मुंबई हवाई अंतर सुमारे 350 किलोमीटर. विमान ते तास-सव्वा तासात कापते. जलद आगगाडीस सहा-सात तास लागतात. विमानसेवेच्या समर्थनार्थ हाच हिशेब मांडला जातो. त्यात गफलत एवढीच की, तो प्रवाशाच्या घरापासून नव्हे, विमानतळापासून सुरू होतो.

बोदवडच्या माणसाने आधी पन्नासएक किलोमीटर जळगाव गाठावे, उड्डाणापूर्वी तासभर तिष्ठावे आणि मुंबईत उतरल्यावर पुन्हा शहराच्या गर्दीत शिरावे. तासाचे पाच तास होतात, तेही दिवसाचे. भुसावळहून रात्री निघणाऱ्या गाडीचे सात तास झोपेत सरतात. कामाचा दिवस शाबूत राहतो. वेळेची किंमत घड्याळावर नव्हे, त्या वेळात काय बुडते यावर ठरते, हा अर्थशास्त्रातला प्राथमिक धडा येथे सोयीस्करपणे विसरला जातो.

जळगावचा विमानतळ 2012 मध्ये सुरू झाला. ‘उडान’ योजनेखाली मुंबईची सेवा आली डिसेंबर 2017 मध्ये आणि पुढे खंडितही झाली. या योजनेत स्वस्त आसनांमुळे येणारी तूट सरकारी साहाय्याने भरून काढली जाते. त्याला तत्त्वतः विरोध नाही. आजारी माणसाला किंवा व्यापाऱ्याला तो तास मोलाचा असेलही. परंतु भुसावळ-नागपूर हा लोहमार्ग 1867 पासून बोदवडवरून जातो आणि आजही अनेक जलद गाड्या तेथे न थांबता निघून जातात. रात्रीच्या एका मुंबई गाडीला तेथे दोन मिनिटांचा थांबा देण्यास किती खर्च येईल, हा आकडा विमानाच्या अनुदानाशेजारी मांडण्याची तसदी कोणी घेणार आहे काय?