ज्याची ओळख, त्याची खूण



रायगड जिल्ह्यातल्या आपल्या पेणचे नाव गणपतीच्या मूर्तींबरोबर देशोदेशी पोहोचले. बाहेरच्या माणसाला पेण म्हटले की गणपतीच आठवतो, याचा आपल्याला अभिमान आहे. पण खाडीकाठच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला, पोह्याच्या गिरणीवरच्या कामगाराला किंवा विनोबा भावे यांचे जन्मगाव असलेल्या गागोद्यातल्या रहिवाशाला 'तुमचा तालुका एका खुणेने दाखवा' म्हटले, तर प्रत्येकाचे हात वेगळे काही सांगतील. कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेत हा प्रश्न रोजचा आहे. तिथे माणसाला, गावाला, देशाला, समाजाला स्वतंत्र खूण असते, आणि त्या खुणेत कोणीतरी केलेली निवड असते.

चीन आणि जपान दाखवायला पूर्वी अमेरिकेसारख्या देशांत डोळ्याच्या कोपऱ्याशी बोट नेत. त्या खुणेत परक्याची नजर होती. आता तिथले अनेकजण त्या त्या देशातल्या कर्णबधिरांची स्वतःची खूण वापरतात. चीनसाठी अंगरख्याच्या कडेची रेघ बोटाने छातीवरून आडवी नेऊन खाली काढतात. जपानसाठी दोन्ही हातांनी लांबट बेटाचा आकार दाखवतात. जर्मनीतले कर्णबधिर मात्र कपाळाशी बोट उभे धरून जुन्या शिरस्त्राणाचे टोक दाखवतात, आणि ती खूण त्यांनीच सांभाळली आहे. म्हणजे खूण कशावरून घेतली यापेक्षा ती कोणी ठरवली, हे महत्त्वाचे. भारतासाठी टिकलीच्या जागी हात नेण्याची खूण अनेक देशांत रूढ आहे. टिकली न लावणारे भारतीयही कोट्यवधी आहेत. ती खूण ठेवायची की बदलायची, हे भारतातल्या कर्णबधिरांनीच ठरवावे.

त्यांना असे काही ठरवू देण्याची सवय जगाला नव्हती. १८८० साली मिलान येथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून हातांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. आपल्याकडच्या शाळांनीही दीर्घकाळ ओठांवरून वाचण्याचा आणि बोलण्याचाच आग्रह धरला. तरी मुले वसतिगृहांत, मैदानांवर एकमेकांशी हातांनी बोलत राहिली. त्यातून टिकलेल्या भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती हातांनी बोललेली मराठी किंवा हिंदी नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला. २०२१ मध्ये तो दहा हजार शब्दांचा झाला. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करणे आणि नेमणे ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर टाकलेली जबाबदारी आहे.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या भारतीयांची संख्या पन्नास लाखांहून अधिक होती. त्यांच्याशी बोलायला आपण, ऐकू येणाऱ्यांनी, काय शिकलो? विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या चारही भाषा आत्मसात केल्या. माणसापर्यंत त्याच्या भाषेतून जावे, हा त्यांच्या आयुष्याचा धडा होता. तो त्यांच्या जन्मतालुक्याने विसरू नये.

म्हणून या दिवाळीत आमचे एक आग्रहाचे मागणे आहे. पेण, रोहा आणि परिसरातल्या शाळांनी, ग्रंथालयांनी, मंडळांनी कर्णबधिर तरुणांना शिक्षक म्हणून, मानधन देऊन बोलवावे. आपल्या गावांच्या, नद्यांच्या, सणांच्या खुणा त्यांच्याकडून शिकाव्यात. जिथे खूण नसेल तिथे ती त्यांनी ठरवावी आणि आपण ती वापरावी. बँकेत, दवाखान्यात, एसटी स्थानकात किमान एकाला तरी ही भाषा यावी. २३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन आहे. पुढच्या वर्षी तो आपल्या तालुक्यांत त्यांच्याच पुढाकाराने साजरा व्हावा, आणि त्याची तयारी आजपासून सुरू व्हावी.

  

— संपादक