राख, पालाश आणि आमचा पुतण्या

परवा गावी गेलो होतो. ऊस तुटून गेलेला आणि पुतण्या फडातलं पाचट पेटवायच्या तयारीत. मी ओरडलोच, "अरे, सगळं पालाश जाळतोयस!" तो शांतपणे म्हणाला, "काका, पालाश जळत नाही. राखेतच राहतं."

घरी येऊन पुस्तकं काढली. पोरगं बरोबर निघालं! मास्तरकीत जन्म गेला की चूक कबूल करणं जड जातं, म्हणून इथे जाहीरच करतो. 'पोटॅश' हा शब्दच मुळी भांड्यातल्या राखेवरून आलेला. राख पाण्यात कालवायची, ते पाणी गाळून आटवायचं, तळाशी उरेल ते पोटॅश. त्याच्यापासूनच हम्फ्री डेव्हीने १८०७ साली विजेच्या साहाय्याने पोटॅशियम वेगळं केलं. आमची आई चुलीतली राख झाडांच्या आळ्यात टाकायची ती उगाच नव्हे.

नत्रासारखं पालाश झाडाच्या अंगाचा भाग होत नाही, रसात मोकळंच फिरतं. पानावरची सूक्ष्म छिद्रं उघडणं-मिटणं, पानात तयार झालेली साखर कांड्यापर्यंत पोचवणं, ही त्याची कामं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्यांना देतं, म्हणून जुनी पानं कडेने करपतात. (घरोघरच्या वडीलधाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!)

तरी पाचट जाळू नये, हे माझं मत कायम आहे. नत्र धुरावाटे जातं, गांडुळांचं आणि जिवाणूंचं खाणं जातं, आणि उरलेली राख वाऱ्यावर नाहीतर वळवाच्या पाण्याबरोबर जाते. आपली काळी जमीन पालाशाने श्रीमंत म्हणतात. खरंय, पण त्यातलं बरंचसं मातीच्या कणांत अडकलेलं असतं. मुळांतून आणि जिवाणूंकडून पाझरणारी आम्लं ते हळूहळू सोडवतात. म्हणजे ज्यांनी कुलूप उघडायचं त्यांनाच आपण उपाशी ठेवतो. हेक्टरी ८-१० टन पाचट निघतं, त्यात पाऊणशे किलोच्या आसपास पालाश. ते सोडून द्यायचं आणि पालाशाचं खत परदेशातून आलेलं विकत घ्यायचं! युरिया स्वस्त, म्हणून तो मात्र सढळ हाताने.

पुतण्याचंही ऐकलं. पाचट ठेवलं की खोडव्याला पाणी देणं अवघड, उंदीर होतात, सरीत दाबायला माणसं मिळत नाहीत. हे खोटं नाही. शेवटी यंदा अर्धा एकर न जाळता ठेवायचं ठरलं. मजुरी मी देणार आहे. हिला अजून सांगितलेलं नाही, पण ती हे वाचेलच.