कालनिर्णयावरच्या वेळा



दिवाळीच्या अंकात फराळाआधी पगाराची गोष्ट काढते आहे. गेलं वर्षभर ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळाइतकाच वेळ मी आमच्या युनियनच्या शाखेला दिला. तिथे मदत मागायला येणाऱ्यांत गणपतीला आपल्या हॉलमध्ये आरतीला उभी राहणारी माणसंही निघाली, म्हणून हे इथेच लिहायला हवं.

आमची शाखा कम्युनिटी सेक्टरची. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारे, बेघरांच्या वसतिगृहात रात्रपाळी करणारे, मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांच्या निवाऱ्यात काम करणारे, युथ क्लब चालवणारे, असे सगळे तिचे सभासद. त्यांच्या संस्था बहुतेक धर्मादाय, आणि पैसा बराचसा काउन्सिलच्या कंत्राटातून येतो. कंत्राट दुसऱ्या संस्थेकडे गेलं की माणसं तीच राहतात, फक्त गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव बदलतं. जुन्या अटी त्यांच्याबरोबर जाव्यात असा कायदा आहे, त्याला इथे सगळे ‘टुपी’ म्हणतात. पण अटी खरंच गेल्या का, हे कागद काढून कुणीतरी बघावं लागतं. शाखेचं निम्मं काम हेच.

जानेवारीत मंडळातलीच एक मुलगी भेटली. सांगलीकडची, तिकडे नर्स होती, इथे केअर व्हिसावर आलेली. सकाळी सहाला घर सोडायची, रात्री दहाला परतायची, आणि पगाराच्या पावतीवर तास सात. मधला बराच वेळ गाडीत, या आजोबांकडून त्या आजींकडे. “प्रवासाचे पैसे नसतात ना, ताई,” ती म्हणाली. असतात. एका भेटीहून दुसऱ्या भेटीला जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशोबात कामाचाच धरतात. तो धरून तासाचा दर किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, आणि एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी हे वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पौंड झालं होतं.

पुरावा काय, असं विचारल्यावर तिनं स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून आणलं. दुधाचा खाडा मांडतात तशा रोजच्या चौकोनात निघाल्या-पोचल्याच्या वेळा, बारीक अक्षरात. संकष्टीच्या खाली ६.४० ते ७.१५. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, आईला लिहिताना पाहिलं होतं एवढंच. शाखेतल्या दोन इंग्रज सहकारी तीन रविवार माझ्या घरी बसल्या. मी मराठी आकडे वाचत गेले, त्या तक्त्यात भरत गेल्या. थकबाकी मिळाली. सगळी नाही, पण मिळाली.

इतके महिने ती गप्प का होती, याचं उत्तर तिच्या व्हिसात आहे. मालकानं प्रायोजकत्व काढलं की नवा प्रायोजक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. इथे राहण्याचा परवाना ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच हाती असेल तर माणूस कसा बोलेल? ही व्यवस्थाच अन्यायाची आहे, आणि ते मला इथे स्पष्ट लिहायचं आहे.

शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या सुनावणीत कामगारासोबत सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी बसू शकतो. हा हक्क १९९९ च्या कायद्यानं दिलेला आहे, आणि मालक युनियनला मानत नसला तरी तो लागू असतो. प्रतिनिधी बाजू मांडू शकतो, मध्येच थांबवून बाहेर नेऊन बोलू शकतो. कामगाराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याला देता येत नाही. या वर्षी मी कितीतरी वेळा त्या शेजारच्या खुर्चीवर बसले. बऱ्याचदा माझं काम पाण्याचा ग्लास पुढे सरकवणं आणि सगळं लिहून घेणं एवढंच होतं. तरी समोरच्यांची भाषा बदलते, हे मी दर वेळी पाहिलं.

हरलोही. एप्रिल २०२५ मध्ये मालकांचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला आणि तो लागू होण्याची मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आली. अर्धवेळ माणसांवर चालणाऱ्या लहान संस्थांना हा फटका सोसवेना. आमच्या भागातला एक युथ क्लब बंद झाला. तिथल्या कामगारांना नोटिशीचे पैसे मिळवून देता आले, क्लब वाचवता आला नाही. रात्री कामाच्या जागीच झोपणाऱ्यांचंही तसंच. मेनकॅप या धर्मादाय संस्थेच्या खटल्यात १९ मार्च २०२१ रोजी इथल्या सर्वोच्च न्यायालयानं झोपेचे तास किमान वेतनात धरायचे नाहीत असं ठरवलं. त्या खटल्यातल्या बाईंना नऊ तासांच्या रात्रीचे २९.०५ पौंड मिळत होते. आता कायद्याचा आधार नाही, म्हणून एकेका संस्थेशी बसून दर वाढवून घ्यावा लागतो.

मंडळात राजकारण नको, असं एका ज्येष्ठ सभासदांनी मला प्रेमानं सांगितलं. काका, आपले कार्यक्रम आपण रविवारी ठेवतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती सुट्टी १८९० मध्ये मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षं झगडल्यावर. आपल्या हॉलमध्ये आज जे दिसत नाहीत त्यांतले कितीतरी जण रविवारीच कामावर असतात. आणि आपल्या बायका असलं करत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी: लंडनच्या विल्सडेनमध्ये ग्रनविकच्या फोटो कारखान्यातून १९७६ साली जयाबेन देसाई बाहेर पडल्या, साडी नेसून फाटकावर उभ्या राहिल्या, आणि तो संप १९७८ पर्यंत चालला. संप हरला. तरी गुजराती घरांत त्यांचं नाव अजून निघतं.

आपल्यातले काही जण धर्मादाय संस्थांचे विश्वस्त आहेत, म्हणजे मालकाच्या बाजूला बसतात. त्यांनाही मनापासून सांगते: सेवाभाव हा कामगाराचा असतो, तो पगारातून वजा करायचा नसतो. २०२५ मध्ये आजारपणात पहिले तीन दिवस कायद्यानं काहीच मिळत नव्हतं, नंतर आठवड्याला ११८.७५ पौंड. तापातही कामावर येणारी केअरर कशामुळे यायची, ते या आकड्यांत दिसेल. तुमच्या संस्थेत आजारपणात पहिल्या दिवसापासून नेहमीचा पगार द्या, कायद्याच्या किमान रकमेवर थांबू नका.

दिवाळीच्या कार्यक्रमात दाराशी, चपला काढतात त्याच्या डावीकडे, मी आणि शाखेतली एक सहकारी टेबल मांडून बसू. कामगारांच्या ट्रायब्युनलकडे जायची मुदत घटनेपासून मोजकेच महिने असते, आणि त्याआधी अकॅस या तडजोड घडवणाऱ्या सरकारी संस्थेला कळवावं लागतं, म्हणून थांबू नका. विचारलेलं आमच्यातच राहील. येताना पगाराच्या पावत्या आणा, आणि तुमच्याही कालनिर्णयावर काही लिहिलेलं असेल तर तेही आणा.

— संपादक