गॅस संपत नसतो, राव!

जुन्या गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "साहेब, गॅस संपला, भरून देतो." जणू काही पेट्रोलच! आपणही मान डोलावतो, महिना-दोन महिने गारव्यात मिरवतो आणि पुन्हा तिथेच हजर. ह्याला दुरुस्ती म्हणायचं, तर मेमरी लीक असलेला सर्व्हर रोज रात्री रीस्टार्ट करणाऱ्याला आर्किटेक्ट म्हणायला हवं. (काही ठिकाणी म्हणतातही. असो.)

तर मंडळी, एसीतला गॅस खर्च होत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, असा तो बंद पाइपांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी बाहेर गेला. आणि जाताना थोडं ऑइलही घेऊन जातो. म्हणून आधी डोळे वापरा : एखाद्या जॉइंटवर तेलकट, धूळ धरलेला डाग दिसला तर तिथेच संशय घ्या. मग सिस्टिममध्ये कोरडा नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायचं. "व्हॅक्यूम अर्धा तास टिकलं, लीक नाही" ह्यावर मात्र विसंबू नका. व्हॅक्यूममध्ये आतबाहेरचा फरक फार तर एका वातावरणाएवढा. मे महिन्यात एसी चालू असताना कंडेन्सरच्या बाजूला तो पंधराच्या आसपास जातो!

माझ्या कॉन्टेसासारख्या नव्वदीच्या सुरुवातीच्या गाड्यांत मुळात आर-१२ असायचा. ओझोनचा थर खाणारा म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने तो हद्दपार केला. आता भरतात तो आर-१३४ए. पण जुनं मिनरल ऑइल त्यात मिसळत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर कोरडा पडायची भीती. ऑइल, ड्रायर, ओ-रिंग सगळं बदलायला हवं. शिवाय जुन्या रबरी होजमधून हा गॅस हळूहळू झिरपतो तो वेगळाच.

ओझोनला तो निरुपद्रवी आहे खरा, पण शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट तापवतो. अर्धा किलो हवेत सोडला की झाले साधारण ७०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढे. दर उन्हाळ्यात!

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही हो. गॅसचे पैसे आपण निमूट देतो, पण लीक शोधायला दोन तास लावले म्हणून त्याने मजुरी मागितली की घासाघीस करतो. मग तो तरी कशाला शोधेल? मी हल्ली आधीच सांगतो, लीक सापडेपर्यंत गॅस भरायचा नाही, शोधायचे पैसे वेगळे घ्या.

"पार्ट मिळत नाहीत" हीसुद्धा अर्धीच सबब. जुन्या फिटिंगवर एसीचा नवा बॅरियर होज क्रिंप करून देणारे सापडतात, ओ-रिंग तर मापाने मिळतात. कूलिंग कॉइलच गळत असेल तर मात्र डॅशबोर्डखाली शिरावं लागतं. त्याला एक रविवार पुरत नाही, दोन धरा.