हजेरीपटावरचे पहिले खोटे

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या खाऊनपिऊन सुखी घरांत एकच प्रश्न घुमू लागतो: सीईटी की जेईई? डॉक्टर करायचे असेल तर नीट. कित्येक घरांत तर निकालाचीही वाट पाहत नाहीत. आठवीपासूनच ‘फाउंडेशन’ लावलेले असते. मुलाला काय आवडते, काय जमते, हे कुणी विचारत नाही. कोणती परीक्षा द्यायची ते ठरले की त्याचे सगळे ठरले असे आपण मानतो.

या परीक्षा एकमेकींपासून खरोखर वेगळ्या आहेत. राज्याच्या सीईटीत तीन तासांत १५० प्रश्न आणि २०० गुण. उत्तर चुकले तरी गुण कापत नाहीत. भर बारावीच्या अभ्यासक्रमावर, अकरावीचा वाटा साधारण २० टक्के. जेईई मेनमध्ये तेवढ्याच वेळात ७५ प्रश्न, ३०० गुण, चुकलात तर एक गुण वजा, आणि दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम सारख्याच मानाने. एकीला वेग लागतो, दुसरीला खोली. पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये राज्याच्या कोट्यातून जायचे तर सीईटी, एनआयटीला जायचे तर जेईई मेन, आयआयटीसाठी त्यापुढची ॲडव्हान्स्ड. एवढे कोणताही क्लासवाला पाच मिनिटांत समजावून देतो. त्यानंतर तो जे सांगतो त्याबद्दल मला बोलायचे आहे. तो म्हणतो, ‘कॉलेजचं टेन्शन घेऊ नका, आमचं टाय-अप आहे.’

टाय-अप म्हणजे काय ते आईबापांना पक्के ठाऊक असते. मुलाचा प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, मूल मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये. हजेरीपटावर ते रोज हजर. भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकी ३० गुण असतात. प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेल्या, ब्युरेट हातात न धरलेल्या मुलांनाही ते भरभरून मिळतात. जर्नल शेवटच्या आठवड्यात कुणाचे तरी पाहून उतरवले जाते. शिक्षक सही करतात, प्राचार्य सही करतात, फॉर्मवर वडिलांची सही असतेच.

पंधरा-सोळा वर्षांचे मूल हे सगळे पाहत असते. समाजातल्या प्रतिष्ठित माणसांनी एकमेकांच्या संमतीने, अगदी शांतपणे, खोटे कसे बोलावे याचे पहिले शिक्षण आपण त्याला देतो आणि त्याची फीही भरतो. घरात देवपूजा करणारी, मुलाने दहा रुपयांचा हिशेब चुकवला तर त्याच्या कानाखाली वाजवणारी ही माणसे आहेत. २०२४ मध्ये नीटचा पेपर फुटला. हजारीबाग आणि पाटण्यात तो फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, आणि आपण हळहळलो की देश कुठे चालला आहे. दोन वर्षे खोटी हजेरी लावून घेणाऱ्यांना ही हळहळ कोणत्या तोंडाने करता येते? पेपर विकत घेणारा बापही मुलाच्या भल्यासाठीच निघालेला असतो. फरक असलाच तर रकमेचा आहे.

सरकारने या खोट्याला पोसले आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातले अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेनच्या आधारे झाले, आणि त्यात बारावीच्या गुणांना निम्मे वजन होते. २०१६ मध्ये सीईटी परत आली, तेव्हा हे वजन गेले. आता बारावीला तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के मिळाले की काम भागते. त्याच २०१६ च्या मे महिन्यात नीट सक्तीची की राज्याची सीईटी पुरे, या गोंधळात वैद्यकीय प्रवेशाची मुले कोर्ट आणि वटहुकूम यांच्यामध्ये हेलपाटत राहिली. नियम असे रातोरात फिरले की क्लासवाले पाट्या बदलतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो नवी बॅच लावतो. २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. आज कोणत्याही शहरात चौकशी करा, टाय-अप मिळते. ज्या शिकवण्याला गुणवत्ता यादीत किंमत नाही, त्यासाठी मूल वर्गात बसवून ठेवणे अंगठ्याच्या यंत्राला जमणार नव्हते.

परीक्षाच नकोत असे म्हणणाऱ्यांत मी नाही. विनाअनुदानित महाविद्यालयांच्या सुरुवातीच्या काळात जागा देणगीच्या पाकिटावर विकल्या जात, इतक्या की १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदा करावा लागला. गरिबाच्या हुशार पोराला त्या पाकिटापासून वाचवायचे तर सगळ्यांना एकच कसोटी हवी, हे बरोबरच होते. पण तेच पाकीट आता दोन वर्षे आधी, क्लासच्या काउंटरवर दिले जाते, आणि त्याची पावतीही मिळते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले होते की सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. आजचा अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयातला वर्ग पाहा. शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून, पटावर पूर्ण संख्या, बाकांवर पाच-सात मुले. ही पाच-सात मुले कोण? क्लासची फी ज्यांना झेपत नाही ती. शेतमजुराची मुलगी मोफत पासावर एसटीने येते आणि तिला कळते की आज तास नाही, कारण ‘मुलंच नाहीत’. ती मूल नाही का? सीईटी की जेईई हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचतच नाही. तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्याने जो फॉर्म भरून दिला, ती तिची परीक्षा. मग तिला कमी पर्सेंटाइल मिळाले की आपण म्हणतो गुणवत्ता नव्हती, आणि आपल्या मुलाच्या ९९ ला म्हणतो गुणवत्ता. तिच्या वाट्याचा शिक्षक आपणच पळवला आहे हे आपल्याला आठवतही नाही.

सरकारने बारावीच्या गुणांना प्रवेशात पुन्हा वजन द्यावे आणि प्रात्यक्षिकाला दुसऱ्या जिल्ह्यातला परीक्षक पाठवावा. गुण वाटले जातील, कॉपी होईल, ही भीती खरी आहे. तिच्यावर इलाज कडक परीक्षा हा आहे. बारावीच निरर्थक करून टाकणे हा नव्हे.

पण त्यासाठी पालकांनी थांबायचे कारण नाही. या जूनमध्ये प्रवेश घेताना कॉलेजात जाऊन विचारा: आठवड्याला किती तास होतात, प्रयोगशाळा कुठे आहे, ती उघडून दाखवा. टाय-अपच्या कागदावर सही करू नका. सीईटी द्या, जेईई द्या, दोन्ही द्या. क्लास लावायचा तर संध्याकाळचा लावा. सकाळी मूल वर्गात गेले पाहिजे, आणि तास होत नसेल तर चार पालकांनी मिळून प्राचार्यांच्या दारात उभे राहिले पाहिजे. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, शेतमजुराच्या शब्दाला नाही. तुमच्या मुलासाठी तास सुरू झाला तर एसटीने आलेल्या त्या मुलीलाही शिक्षक मिळेल.